मधात काय बदललं?

मागच्या महिन्यात मी घरातलं इंटरनेट बंद पाडलं. मुद्दाम नाही. बैठकीच्या कोपऱ्यात राऊटरचा प्लग असतो, तो मला जुन्या चार्जरचा वाटला, म्हणून उपसला आणि तिथे इस्त्री लावली. दुसऱ्या दिवशी घालायचा शर्ट होता. एक बाही जेमतेम झाली, तेवढ्यात आतून पोरीचा आवाज आला, "पप्पा, तुम्ही काही केलं का?" तिच्या परीक्षेच्या तयारीची कसलीशी भली मोठी फाइल सकाळपासून उतरत होती, आणि ती एक्क्याण्णव टक्क्यांवर अडकली होती. एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात राऊटरचा प्लग अशा अवस्थेत मी म्हणालो, "नाही बा. मी कशाला काही करतो."

पोरगी बाहेर आली. तिनं आधी इस्त्री पाहिली, मग प्लग पाहिला, मग मला पाहिलं. माझ्या हातातून प्लग घेतला, जागेवर लावला आणि आत गेली. तिच्या डाउनलोड मॅनेजरनं जिथं सोडलं होतं तिथूनच फाइल पुन्हा उचलली, म्हणजे नुकसान काहीच झालं नाही. माझं खोटं तेवढं वाया गेलं.

तेव्हा मला सर आठवले. तसे ते वरचेवर आठवतात. घरी पाहुणे आले की सरांचे दोन-तीन किस्से मी सांगतोच. पोरीला ते पाठ आहेत, मी श्वास घ्यायला थांबलो तर पुढचं वाक्य ती पुरवते. पण हे किस्से मी एका ठरावीक जागी थांबवतो. त्याच्या पुढचा भाग घरात कुणालाच माहीत नव्हता.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. अजूनही आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत नोकरी दुसऱ्याची गेली.

शाळेत दहा संगणकांची एक खोली आहे आणि सर त्या खोलीवर मानधनावर होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, खिशात पेनाऐवजी खडू, आणि खांद्यावर कायम चौकड्यांची दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडचा हातरुमाल, पण सरांच्या दस्तीत एखादं लेकरू गुंडाळता आलं असतं. घर धनगराचं, हट्ट्याकडचं. दहावीपर्यंत मेंढरांमागं हिंडत शिकले, मग कुठं कुठं शिकत, दुरुस्त्या करत आमच्या शाळेत येऊन टेकले.

त्यांचा प्रश्न एकच. "मधात काय बदललं?" मधात म्हणजे मधल्या वेळात. काल चालत होतं, आज चालत नाही, तर काल आणि आजच्या मधात कुणीतरी कशाला तरी हात लावलेला आहे, एवढीच त्यांची विद्या. "यंत्र उगं रुसत न्हाई, भाऊ," मला म्हणायचे. "माणूस हात लावतंय आन् मंग म्हणतंय, मी काहीच न्हाई केलं."

हा प्रश्न त्यांनी संगणकापुरता ठेवला असता तर लोकांना ते नुसते हुशार वाटले असते. पण ते तो सगळ्यांना विचारायचे. एकदा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींपुढं ताट धरून उभे राहिले आणि एक घास खाऊन म्हणाले, "मावशी, मधात काय बदललं?"

"काई न्हाई बदललं," मावशी म्हणाल्या.

"आठवा."

मावशी चिडल्या. पळी आपटली. मग थोड्या वेळानं स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "माहेरची हळद सरली. कुरुंद्याची व्हती ती. दुकानातली पुडी फोडलीया." सरांनी समाधानानं मान हलवली आणि उरलेली खिचडी संपवली. त्यांना तक्रार करायची नव्हतीच. त्यांना फक्त उत्तर पाहिजे होतं.

हेडसरांच्या बाबतीत जरा कठीण झालं. हेडसर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांच्या केबिनमधल्या मशीनवर एकदा काहीच उतरेना. डाउनलोड मॅनेजर हे मोठी फाइल तुकडे करून आणणारं आणि मधेच तुटलं तर तिथूनच पुढं चालू करणारं सॉफ्टवेअर सरांनीच सगळीकडं टाकून दिलं होतं. ते हेडसरांना सारखं एकच सांगत होतं, की जोडणी होऊ शकली नाही. 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण हेडसरांनी सकाळपासून शेजाऱ्याची घंटी वाजवावी तसं वाजवलं होतं. सर ते बटण तीनदाच दाबत. तीनदा हाक मारून दार उघडलं नाही, तर आपण भलत्याच दारात तर उभे नाही ना, हे बघावं, असं त्यांचं म्हणणं.

"मधात काय बदललं, सर?"

"काहीही नाही," हेडसर म्हणाले.

सर दोन मिनिटं आत कुठंतरी शिरले, आणि स्क्रीनकडं बघतच म्हणाले, "पाहुणे कोण आलते?"

"पाहुण्यांचा इथं काय संबंध?"

"त्यायनी त्यांच्या कालेजातल्या नेटचा पत्ता हितं घालून ठेवलाय. मशीन आपल्या गेटातून भायेर पडायचं सोडून त्यांच्या गेटावर जाऊन उभं रायलंय. तिथं त्याला कोण आत घेणार?"

मग निघालं ते असं, की हेडसरांनी दिवाळीच्या सुटीत शाळेचं मशीन घरी नेलं होतं आणि कॉलेजातून सुटीला आलेल्या पुतण्यानं ते पंधरा दिवस वापरलं होतं. मी तेव्हा केबिनच्या दारात होतो. हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं. बाहेर येऊन आम्ही शिपायासकट सगळे पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही.

त्यांच्यापासून काही लपवणं कठीण होतं. संगणकाच्या खोलीत प्रत्येक टेबलाच्या पायाभोवती त्यांनी खडूनं गोल काढले होते. टेबल बोटभर सरकलं तरी कळायचं. एकदा पेनाचं टोपण घरंगळत गेलं म्हणून मी एक टेबल सारलं आणि माझ्या मते होतं तसंच परत ठेवलं. दुपारी सर ऑफिसात आले. "भाऊ, सापडलं का?"

"काय?"

"जे हुडकायला टेबल सारलं ते."

फाइल उतरायला लावली की ते स्क्रीनवर दस्ती टाकायचे. लोक टक्के बघत बसतात हे त्यांना सहन होत नसे. मी एकदा वाद घातला, "सर, बघितल्यानं काय नेट कमी येतं का?"

"नेट कमी येत न्हाई. माणूस उतावीळ व्हतंय आन् बटणं दाबतंय."

आणि मेंढरांचं. ते मी पाहुण्यांना हमखास सांगतो. डाउनलोडचं ते सॉफ्टवेअर एका फाइलचे सोळा तुकडे करून सोळाच्या सोळा एकदम मागतं, म्हणजे लवकर येते. पण काही ठिकाणी नेमकं त्यामुळंच अडायचं. माझं एकदा असंच अडलं तर सरांनी सोळाचा आकडा काढून तिथं एक घातला. म्हणाले, "समोरच्यानं काट्याच्या कुपाटीत एकच फट ठेवलीया, भाऊ. तुमी सोळा मेंढरं एकदम घालायलेत. एक बी निघायचं न्हाई, आन् राखणदार काठी घेऊन येईल ते येगळंच. एकेक सोडा." फाइल आली. हळू आली, पण आली. यावर पाहुणे खूश होतात, चहा येतो, आणि मी थांबतो.

सर आमच्याकडं एकदा जेवायला आले होते. बायकोनं ज्वारीची भाकरी वाढली. दुसऱ्या घासाला ते म्हणाले, "वहिनी, मागल्या वेळी डब्यात भाऊंनी देली ती भाकर येगळी व्हती. मधात काय बदललं?" मी मनात म्हटलं, आता आली पंचाईत. पण बायको चकित झाली. "गिरणी बदलली," ती म्हणाली. "चार दिस झाले. ह्यांना अजून पत्ता न्हाई." तेव्हापासून सर म्हणजे तिच्या लेखी पहिल्या नंबरचा माणूस. माझा नंबर कितवा ते मी विचारलं नाही.

आता थांबायची जागा आली. तिच्या पुढं जातो.

शाळेच्या पत्राचा नमुना सरांनीच मला करून दिला होता. वर शाळेचं नाव, उजव्या कोपऱ्यात तारीख. ती तारीख मशीन आपोआप टाकायचं आणि खोडू द्यायचं नाही. "हातानं तारीख टाकायची सोय ठेवली की हात वळवळतो," असं ते म्हणाले होते, आणि मी त्यावर मोठ्यानं हसलो होतो.

बायकोच्या धाकट्या भावाची मुलगी आमच्याच शाळेत होती. हुशार. तिचा वसतिगृहाचा अर्ज मुदतीत द्यायचा होता आणि बापानं तो घरी कपाटावर ठेवून दिला. मुदत उलटून गेल्यावर अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढं उभा राहिला. "दाजी, तुमच्या हातातलं काम हाय. शाळेचं एक पत्र पाहिजे, अर्ज टायमात मिळाला म्हणून. ताईला सांगू नका, रागावंल." मी नाही म्हणायचा विचारही केला नाही. बायकोचा भाऊ, आणि पोरगी खरंच शिकणारी.

पण पत्रातली तारीख बदलेना. मी तास-दीड तास खटपट केली. सरांनी दार पक्कं लावलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पत्र जर मशीनची तारीख घेतं, तर मशीनचीच तारीख बदलावी. घड्याळ आपोआप लागायची खूण काढली, मशीनला अठरा दिवस मागं नेलं, पत्र छापलं, इतर कागदांच्या गठ्ठ्यात घालून हेडसरांची सही घेतली. हेडसर गठ्ठ्यातलं काही वाचत नसत. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मशीन परत आजवर आणायचंच राहिलं. खालच्या कोपऱ्यात नुसती वेळ दिसायची, ती बरोबर होती. तारीख बघायची तर तिथं बोट न्यावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेचा प्रश्नसंच उतरवायचा होता.

संगणकाची ती परीक्षा आमच्या शाळेत पहिल्यांदाच होणार होती. एरवी हिंगोलीला जावं लागायचं. केंद्र इथं मिळावं म्हणून सरांनी वर्षभर अर्ज केले होते, आणि त्याला कारण होतं. शाळेपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर तांडा आहे. तिथली एक मुलगी सरांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी होती. ही परीक्षा पास झाली तर लग्नाचं थांबवून पुढं शिकवायचं, असं तिनं बापाकडून कबूल करून घेतलं होतं. बाप म्हणाला होता, गावात असेल तर देऊ दे, हिंगोलीला मी धाडणार नाही. सर तांड्यावर जाऊन त्याला म्हणाले होते, "हितंच व्हणार. माझी जबान हाय."

नियम असा, की आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत संच उतरला पाहिजे, आणि तो नोंद केलेल्या एकाच मशीनवर उतरणार. ते मशीन माझ्या टेबलावरचं. पाचपर्यंत उतरला नाही तर परीक्षा हिंगोलीला.

सरांनी दहा वाजता लावलं आणि दस्ती टाकली. पाच मिनिटांनी दस्ती उचलली तर डाउनलोड मॅनेजर म्हणत होता, जोडणी होऊ शकली नाही. का, ते सांगत नव्हता. सरांनी तीनदा बटण दाबलं आणि हात काढून घेतला. मग वायर पाहिली. सोळाचं एक केलं. मशीनवरचा पहारा, तो फायरवॉल का काय म्हणतात तो, उतरवून पाहिला. बाकीच्या साइटी उघडून पाहिल्या, सगळ्या उघडत होत्या. हीच तेवढी नाही. स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडून पाहिलं.

"मोबाइलच्या नेटवर बी तेच," ते म्हणाले. "म्हंजे लाइन न्हाई. म्हंजे मशीन, न्हाईतर समोरचं." आणि खुर्ची माझ्याकडं वळवून म्हणाले, "भाऊ, हे मशीन तुमच्याकडं असतंय. मधात काय बदललं?"

बारा वाजले असतील. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "काहीच नाही, सर."

तारखेचा आणि जोडणीचा काही संबंध असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण त्यांनी विचारल्याबरोबर तारीखच माझ्या मनात आली, हेही खरं आहे. तो संबंध पुढं बऱ्याच वर्षांनी पोरीनं मला समजावला. मी तिला भलत्याच निमित्तानं विचारलं होतं. प्रत्येक सर्व्हरचं एक ओळखपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. त्या परीक्षेच्या सर्व्हरचं ओळखपत्र नवं कोरं असणार, मागच्या दहा-पंधरा दिवसांतलं. माझं मशीन अठरा दिवस मागं. त्याच्या हिशेबानं ते ओळखपत्र अजून निघालेलंच नव्हतं, म्हणून ते त्याला खोटं समजून दार लावून घेत होतं. बाकीच्यांची ओळखपत्रं जुनी, त्यांना ते येऊ देत होतं. म्हणून तर सर चकले.

चार वाजता हेडसर येऊन डोक्याशी उभे राहिले. सरांनी दुपारचं जेवण केलं नव्हतं. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, एकदाच आजून इचारतो. बारीकसारीक का आसंना. काय बदललं?"

तोवर मला तारखेचाच संशय यायला लागला होता. पण हेडसर तिथं उभे. तारीख म्हटलं की का बदलली ते आलं, का म्हटलं की पत्र आलं, पत्र म्हटलं की मेहुणा आला. मी म्हणालो, "काही नाही हो सर. मी काहीच नाही केलं."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडं वळले. मी वाट बघत होतो की ते पाणी प्यायला तरी उठतील, म्हणजे मी बोट नेऊन तारीख सरळ करीन. ते उठले नाहीत. पाच वाजून गेल्यावर उठले. हेडसर केबिनमध्ये हिंगोलीला फोन लावायला गेले आणि सर तांड्यावर सांगायला गेले. मी एकटा राहिलो. तारीख दुरुस्त केली आणि बटण दाबलं. जोडणी एका क्षणात झाली. समोरून उत्तर आलं: मुदत संपली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी जीप सांगितली आणि तांड्यावर नेली. हे मला जीपवाल्यानं सांगितलं. तीन मुली आल्या. ती आली नाही. तिचा बाप दारातच बसला होता. तो सरांना एवढंच म्हणाला, "सर, तुमी जबान देली व्हती." सर उभे राहिले. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला तेव्हा कुठं निघाले.

हिंगोलीहून आल्यावर ते माझ्या मशीनपाशी बसले. बराच वेळ बसले. मी कपाटातल्या फायली लावत होतो, लावलेल्याच. जी जोडणी काल दिवसभर होत नव्हती ती आज होत होती, आणि मधात मशीनपाशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शिवाय मशीन स्वतःच्या प्रत्येक बदलाची आत कुठंतरी नोंद ठेवतं, तारीख कधी पुढं-मागं केली त्याचीसुद्धा. हे मला नंतर कळलं. सरांना आधीपासून माहीत होतं.

हेडसरांनी खुलासा मागितला. सर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "भाऊ, टायपा." त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. मशीनची तपासणी माझ्याकडून नीट झाली नाही, चूक माझी आहे, इतर कुणाची नाही. 'इतर कुणाची नाही' हे टाइप करताना माझं एक अक्षर चुकलं, ते खोडून परत केलं. कागद निघाला. सरांनी तो लांब धरून वाचला, आणि सही करायच्या आधी उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तारीख बराबर हाय ना, भाऊ?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी सही केली.

जूनमध्ये त्यांचं मानधन पुढं चालू ठेवलं नाही. त्याआधीचे दोन महिने ते रोज येत होते. माझ्याशी बोलत होते, चहा घेत होते, पोरीची चौकशी करत होते. मशीन दोनदा अडलं तेव्हा आले आणि नीट करून गेले. पण मला त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मावशींना विचारत, शिपायाला विचारत, पाचवीतल्या पोरांना विचारत. दुसऱ्या वेळी मीच म्हणालो, "सर, विचारा की, मधात काय बदललं." ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "सापडतंय, भाऊ. राहू द्या."

मेहुण्याची मुलगी वसतिगृहात राहून शिकली, आता नर्स आहे. तिचा यात काय दोष. दिवाळीला येते, पाया पडते. तांड्यावरची मुलगी मला तीन-चार वर्षांनी सेनगावच्या बाजारात दिसली, कडेवर लेकरू. तिनं मला ओळखलं आणि नमस्कार केला, शाळेतला माणूस म्हणून. मी तिला विचारलं, बरी आहेस ना. त्यापुढं काय विचारणार.

इस्त्रीच्या प्रकारानंतर आठवड्याभरानं वसमतकडं एक लग्न होतं. येताना मी मोटरसायकल हट्ट्याकडं वळवली. बायकोला म्हणालो, सरांना भेटून जाऊ. तिला फार बरं वाटलं. मी सांगायचं वाक्य लग्नाच्या मांडवापासून जुळवत होतो. सर, त्या दिवशी मी खोटं बोललो. एवढंच वाक्य. पाठांतराला सोपं.

रस्त्याकडेला त्यांचं छोटं दुकान आहे. पंपाचे स्टार्टर, मोबाइल, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करतात. दुकानामागं भावाच्या शेळ्या बांधलेल्या. केस पांढरे झाले आहेत, दस्ती तेवढीच. "या भाऊ, या वहिनी," म्हणाले. स्टूल पुसून दिलं. चहा मागवला. पोरगी काय करते विचारलं. मी वाक्य तोंडाशी आणलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "सर, बरं झालं भेटलात. ह्यांच्या फोनवर लग्नाचे फोटो कुणी धाडलेत, ते उतरतच न्हाईत. नुसतं एरर दाखवून रायलंय."

मी फोन पुढं केला. सरांनी घेतला, पाहिला, आणि माझ्याकडं न बघता मान वळवून बायकोला विचारलं, "वहिनी, मधात काय बदललं?"

"पोरीनं काल कायतरी केलं त्यात," बायको म्हणाली. "पप्पाचं नेट लवकर संपतं म्हणून."

"मंग बराबर. घरच्या वायफायवरच उतरव, म्हणून सांगून ठेवलंय तिनं. हितं ते कसं उतरंल?" त्यांनी एक खूण काढली. फोटो धडाधड उतरायला लागले. बायको एकेक फोटो दाखवत राहिली, हा दीर, ही नणंद. सर बघत राहिले. चहा संपला. निघताना मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "सर, येत जा तिकडं."

"व्हय, येऊ की," ते म्हणाले.

हट्टा मागं पडल्यावर दोन-तीन किलोमीटरवर बायको पाठीमागून म्हणाली, "अहो, फोन तर तुमचा. हातात बी तुमच्याच व्हता. सर मला काहून इचारले?"

मी गाडी कडेला घेतली. बाभळीखाली उभी केली. आणि तिथं उभं राहून सगळं सांगितलं, पत्रापासून जीपपर्यंत, मधलं काही न गाळता. हळदीच्या पोत्यांचा एक ट्रॅक्टर गेला, मग एक एसटी गेली. ती पदर डोक्यावर धरून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माह्या भावाचं नाव निघंल म्हणून गप बसलात?"

"नोकरीची भीती होतीच," मी म्हणालो. "पण हेडसर समोर उभे होते तेव्हा पहिली तूच मनात आलीस. म्हटलं, तुझ्या भावाचं नाव मी चारचौघांत घेतलं, तर तू काय म्हणशील."

तिनं रस्त्याकडं पाहिलं, आम्ही आलो होतो त्या बाजूला.

"आठ दिस बोलले नसते मी तुमच्याशी," ती म्हणाली. "तेवढंच झालं असतं."